सोमवारचा बेल

श्रावण लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई पोतं अंथरून बसते. पोत्यावर बेलाच्या जुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आणि त्यांवर ओलं फडकं. परभणीसारख्या शहरात आता सगळंच विकत मिळतं, तसा बेलही मिळतो. मी रोज सकाळी दूध आणायला तिच्यासमोरून जाते. मी बौद्ध घरातली, बेल वाहायला माझ्याकडे देव नाही, पण नाकाला कुठला आलाय धर्म? फडकं जरा बाजूला झालं की तो वास येतोच. लिंबाची साल आणि दवाखान्यातलं औषध एकदम हुंगावं तसा काहीतरी. पुढचं चार घरांचं अंतर मी भरभर चालते.

परवा तिनं मला हाक मारली. "घ्या की बाई, आजच नेऊन ठेवा. उद्या सोमवार हाय, उद्या कुणी तोडत न्हाई."

"मला नको," म्हणाले. ते जरा जास्तच जोरात म्हटलं गेलं असावं, कारण तिनं पुढे केलेली जुडी मागे घेतली. घरी आले, दूध गॅसवर ठेवलं आणि समोर उभी असूनही ते उतू जाऊ दिलं.

सोमवारचा बेल आदल्या दिवशी तोडून ठेवायचा, हे परभणीतल्या कुणालाही विचारा, सांगेल. महादेवाचा वार, त्या दिवशी त्याच्या झाडाला हात लावायचा नाही. आमच्या गावात तर पान नाही, फळ नाही, वाळकी काडीही नाही, इतकं ते कडक होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. जिंतूर तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. चारठाण्यासारखी जुनी कोरीव देवळं आमच्याकडे नव्हती. आमचा महादेव साधा, वर पत्रे, समोर रस्त्यापलीकडे शाळा आणि बाजूला बेलाचं झाड. झाडाला दगडी पार होता. पाराच्या पलीकडे गुरवाचं घर.

देवाची पूजा गुरवाची, पण झाडाची सगळी विद्या गुरविणीची. सगळं गाव तिला गुरवीणबाई म्हणायचं; तिचं नाव मला मोठेपणीही कळलं नाही, याची आता लाज वाटते. हिवाळ्यात ती अर्धकच्ची फळं उतरवून घ्यायची, कोयत्यानं त्यांचे काप करायची आणि पत्र्यावर वाळवायची. बेलाच्या काचऱ्या. कुणाला हगवण लागली, आव पडली, की या काचऱ्या उकळून तो तुरट काढा द्यायचा. बाळंतिणीच्या काढ्याला ती मुळीची साल द्यायची. डोळे आले तर पाला वाटून रात्री बांधायला सांगायची. चैत्रात फळं पिकली की त्यांचा केशरी गर पाण्यात कुस्करून गुळाचं सरबत. ते आम्ही कधी प्यायलो नाही, फक्त वास घेतला. कच्च्या फळातला चीक आमच्या वाट्याला यायचा, कारण तो कुणाला नको असे. पाराबाहेर पडलेली फळं फोडून दादा त्या चिकानं शाळेची फाटकी पुस्तकं चिकटवायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्याच शाळेत मास्तर.

काचऱ्या मात्र आमच्या वस्तीलाही मिळायच्या. मागच्या दारी जाऊन उभं राहायचं, काय झालंय ते सांगायचं. गुरवीणबाई आत जाऊन मूठ भरून आणायची आणि आमच्या ओच्यात वरून टाकायची. हाताला हात लागू न देता. किती उकळायचं, कितीदा द्यायचं, ते मात्र पुन्हा पुन्हा नीट सांगायची. तिला देवी करून इथे बसवायचं मला जमणार नाही. ती वरून टाकायची, हे मी विसरलेले नाही.

दादांना तर ते सहनच व्हायचं नाही. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देव काढले, ते पुन्हा कुणापुढे मान वाकवायची नाही असं ठरवूनच. त्याआधी, लहान असताना, पारावर पडलेलं एक पिकलेलं बेलफळ त्यांनी उचललं होतं, म्हणून त्यांना पारापुढे नाक घासायला लावलं होतं. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. आम्हाला ते शिकवायचे, झाड हे झाड आहे, त्याला ना देव ठाऊक ना जात. बोलायचे असं, पण त्या पाराकडे पाठ करूनच शाळेचं कुलूप उघडायचे.

साल चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर, नक्की सांगता येणार नाही. मोठा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाले होते आणि मी सातवीत होते, इतकं आठवतं. दुष्काळात पाण्यासाठी रडलेल्या मुलखाला त्या श्रावणात पाणी नकोसं झालं. ओढा भरून वाहत होता, एसटी दोन-तीन दिवस आलेली नव्हती, आणि ओढ्याचं गढूळ पाणी आमच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं होतं. आमची विहीर वेगळी होती, खालच्या अंगाला. कशाला वेगळी होती ते सांगायला नको. वस्तीत आधी पोरं हगवणीनं आडवी झाली, मग म्हातारी माणसं, मग माझी आई. आम्ही तिला माय म्हणायचो.

आज मला त्या आजाराचा प्रत्येक टप्पा ठाऊक आहे. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, शेकडो माणसं या दुखण्यात पाहिली. कातडी चिमटीत धरली की परत खाली बसत नाही, डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते. तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी संध्याकाळी मायनं मला जवळ बोलावलं आणि पिठाच्या डब्यात मीठ ठेवू नकोस, ओलं होतं, असलं काहीतरी सांगू लागली. पिठाच्या डब्यात मीठ नव्हतंच. मग ती मला ओळखेनाशी झाली आणि मी चुलीशेजारी बसून रडले. माझी माय मरणार, हे मला त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसलं.

सोमवारी उजाडताच दादा ओढ्यावर जाऊन आले. छातीएवढं पाणी. मायची बाज उचलून दवाखान्याला न्यायची तरी कुठून? ते विजार पिळत उंबऱ्यात बसले आणि मी त्यांना न सांगता गुरविणीच्या मागच्या दारी गेले.

पाऊस भुरभुरत होता. आत देवळात गुरवाचा अभिषेक चालला होता, घंटा ऐकू येत होती. गावातली माणसं अजून यायची होती.

"काय गं पोरी?"

"मायला आव पडायलीय. चार दिस झाले. आता वळखना झालीय."

गुरवीणबाईनं कपाळाला हात लावला. "काचऱ्या सरल्या की गं. सगळा गावच बेजार हाय यंदा. परवाच सरल्या."

मी तिथेच उभी राहिले. तिनं झाडाकडे पाहिलं, मीही पाहिलं. लिंबाहून जरा मोठी, हिरवीगार कोवळी फळं पानांआड लटकली होती. खालच्या फांदीवर तर हाताला येतील इतकी.

"फळं हायत," ती म्हणाली, "पण आज सोमवार. त्यातून सरावणातला."

मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "तुमी आता सोमवार पाळत न्हाईत ना?"

"न्हाई."

"उपास, नेम, काईच न्हाई?"

"न्हाई. दादा म्हणत्यात, सगळे वार सारखेच."

"मग तूच चढ. मी दारात हुभी राहते. सात-आठ काढ अन् हिकडून मागून जा. चिखलात गुंडाळून आरात भाज, गर काढ, गूळ घाल. अन् हे बघ, पाणी उकळूनच पाज. भाताची पेज कर, मीठ टाकून. घोट घोट, पण थांबू नगंस."

मी पारावर चढले. दादांनी जिथे नाक घासलं तो पार तोच, हे पारावर पाय टेकला तेव्हा आठवलं आणि मी थबकले. मग मायचे डोळे आठवले. बेलाला काटे असतात, सरळ आणि लांब. पहिल्याच झटक्यात मनगट ओरबाडून निघालं. पाऊस, ओली साल, तुटलेल्या देठांचा तो वास. फळं ओच्यात घातली, एक निसटून पारावर पडलं आणि गडगडत गेलं, ते उचलायला वाकले तर गुरवीणबाई दारातून हातानं खुणावत होती, जा, जा.

दादांनी फळं पाहिली आणि विचारलं, "आज? कुणी दिली?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी मागे सरकले.

"तिनं का न्हाई तोडली? तुला का चढवलं, कळतंय का?" ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाप करायची वेळ आली की आमची आठवण होते यांना. एरवी पाराला हात लागू देत न्हाईत. आन् पाप असलं की या, चढा."

त्यांनी एक फळ हातात घेतलं. ते फेकणार असं मला वाटलं. आत माय कण्हली. दादा तसेच उभे राहिले, मग खाली बसले, अंगणातला चिखल घेऊन त्यांनी ते फळ नीट लिंपलं आणि चुलीतले निखारे बाजूला सारले. सातही फळं त्यांनी स्वतः भाजली. मला हात लावू दिला नाही.

दिवसभर आम्ही दोघं मायजवळ बसून होतो. चमच्यानं गर, चमच्यानं पेज. घोट घोट. संध्याकाळी तिला लघवी झाली. आज नर्स म्हणून सांगते, त्याहून मोठी आनंदाची बातमी त्या आजारात नसते. मला तेव्हा फक्त चादर धुवायचा कंटाळा आला.

मंगळवारी दादांनी मला शाळेत नेलं, मायजवळ शेजारची म्हातारी बसली होती. दुसऱ्या तासाला समोर देवळात आवाज वाढले. सोमवारच्या पावसात, गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, पण रविवारी झाडून घेतलेल्या पारावर कोवळ्या डहाळ्या मोडून पडल्या होत्या, एक फळ चेंगरलेलं सापडलं होतं. श्रावणी सोमवारी कुणीतरी बेल तोडला होता. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. पंच पारासमोर उभे होते, आणि कुणीतरी म्हणालं, हे वस्तीतल्यांचंच काम, त्यांना आता कसली भीडभाड उरलीय? दोघं-तिघं काठ्या घेऊन वस्तीच्या रस्त्याला लागलेही.

"थांबा," गुरवीणबाई म्हणाली. ती दारातच होती. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला. "म्या तोडलं. काल. वस्तीकडं काय जाता? म्याच तोडलं."

"कशापायी?"

"नड होती."

"कुणाची नड?"

"माजीच." तिचा नवरा तिच्याकडे बघत होता आणि ती जमिनीकडे.

दादा शाळेच्या ओट्यावर उभे होते. हातात खडू. त्यांच्यात आणि त्या माणसांत मधे फक्त रस्ता होता. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते आणि वाटत होतं, आता बोलतील. आता. आम्हाला रोज सकाळी पंचशील म्हणायला लावणारे, खोटं बोललेल्या पोराला उन्हात उभं करणारे माझे दादा आता रस्ता ओलांडतील. ते वळले, वर्गात आले आणि फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित त्यांनी पुरं केलं. उत्तर चुकलं होतं. कुणी सांगितलं नाही.

घरी जाताना ते म्हणाले, "गप राहायचं. तुझी माय अजून उठून बसत न्हाई. वस्तीत पंचवीस घरं हायत." मी मान हलवली. त्यांचं चुकलं असं मी पन्नास वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. बरोबर होतं, असंही नाही. काठ्या मी पाहिल्या होत्या. त्या पंचवीस घरांत माझं घर होतं, आणि त्या घरात अंथरुणावर माय.

गुरवाकडून देवळाची सेवा काढून घेतली आणि त्याच्या चुलतभावाला दिली. पाराकडचं घरही सोडायला लावलं. गुरवानं बायकोशी बोलणं टाकलं, असं सगळे सांगत. आणि भाद्रपदात, कापसाच्या खुरपणीला, गुरवीणबाई पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात रोजानं गेली.

हे मला मायकडूनच कळलं. ती आता उठली होती, कामालाही लागली होती. संध्याकाळी हातपाय धुता धुता सांगू लागली, "गुरवीण आज आमच्यात होती गं. तिला काई खुरपता येत न्हाई बिचारीला. पात मागंच राहायली तिची. बायका हसायल्या. मग मीच तिची पात वढून दिली." पात म्हणजे खुरपताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ. माझी माय आपली ओळ संपवून मागे गेली होती आणि गुरविणीच्या ओळीतलं तण काढत तिच्याजवळ येऊन पोचली होती. "काई बोलली का ती?" मी विचारलं. "काय बोलती? तब्येत बरी हाय का, एवढं इचारलं. तिला कसं ठाव मी आजारी होते?"

दादा कंदिलाची काच पुसत होते, ती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.

मायला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिला भिऊनच. सांगितलं असतं तर ती त्याच पावली देवळापुढे जाऊन उभी राहिली असती आणि सगळ्या गावाला ऐकवलं असतं. ती तसलीच होती. औषध कुठून आलं हे तिनं कधी विचारलं नाही; दादांनी दिलं म्हणजे दवाखान्यातलंच असणार, असा तिचा हिशोब.

नोकरीत शिकले तेव्हा आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती काही केल्या निघत नाही. उकळलेलं पाणी, मीठ घातलेली पेज, घोट घोट, न थांबता. जीव वाचतो तो यानं. बेलाच्या कच्च्या फळानं आव बांधली जाते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं आणि ते खोटंही नाही. पण त्या दिवशी मायला कशानं हात दिला असेल, असं मला कुणी विचारलं तर मी पेजेचं नाव घेईन. म्हणजे झाडाला हात न लावताही ती वाचली असती का? गुरविणीचं घरदार गेलं ते ज्या सात फळांपायी, त्यांची गरजच नव्हती का? हा प्रश्न मला वॉर्डात सलाइन लावताना पडायचा. एकदा बाटली बदलायची विसरले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

आणि दुसरा प्रश्न, दादांचा. तिनं मला का चढवलं? पाप आमच्या माथी जावं म्हणून, की आम्हाला पाप लागतच नाही असं तिला खरंच वाटलं म्हणून? दोन्हींत अंतर किती आहे! पहिल्यात आम्ही तिच्या लेखी पाप टाकायची जागा; दुसऱ्यात आमचा धर्म त्या गावात आमच्याखेरीज कुणी मानला असेल तर तो तिनं. तिनं विचारलेलं मला आठवतं, उपास, नेम, काईच न्हाई? त्या आवाजात हेटाळणी नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले आहे. तेरा वर्षांच्या पोरीच्या कानावर किती भरवसा ठेवायचा?

दिवाळीच्या जरा आधी दादा मला घेऊन त्या शेतावर गेले. पांढरा सदरा, पांढरी विजार, शाळेतून थेट. बायका झाडाखाली भाकरी खायला गेल्या होत्या. गुरवीणबाईची ओळ राहिली होती, म्हणून ती एकटीच कापसात खाली बसून खुरपत होती. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. दादा बांधावरच थांबले. मला वाटतं, त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मी उद्या देवळापुढं येतो. पंचांना सांगतो, माझ्या पोरीनं तोडलं. तुमचा काही दोष न्हाई."

ती खुरपतच राहिली. "तवा का न्हाई आलात गुरुजी?"

शाळेत, सभेत, तालुक्याला, कुठेही त्यांना उत्तर शोधावं लागत नसे.

"भ्यालो," शेवटी ते म्हणाले.

"मी बी भ्याले होते." तिनं हातातलं तण बाजूला टाकलं. मग पहिल्यांदा तिनं वर पाहिलं, दादांकडे नाही, माझ्याकडे. माझ्या मनगटाकडे. "आता सांगितलं तर मी खोटारडी बी ठरन, अन् पोरीला बी धरतेल. माजं जायचं ते गेलं. आता जाऊ द्या गुरुजी. माजं खोटं तेवढं वाया घालू नगा."

ती पुढे सरकली. दादा बांधावर उभे राहून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आम्ही ते वाया घातलं नाही. माय गेली, दादा गेले. ती बाई गेल्याचं मला कुणीतरी एसटी स्टँडवर सांगितलं, तेव्हा तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. गावात अजूनही सांगतात म्हणे, एका गुरविणीनं श्रावणी सोमवारी देवाचं झाड ओरबाडलं आणि घराचं वाटोळं करून घेतलं. इतकी वर्षं मी हे ऐकून घेतलं, तिच्याच शब्दाखातर. आता धरून नेण्यासारखी मी राहिलेली नाही, आणि तिच्यावरचा तो डाग मला बघवत नाही. बाई, तुमचं ऐकायचं सोडते आहे, रागावू नका. त्या सोमवारी बेल मी तोडला होता.